कॅल्गरीच्या थंडीसाठी सेकंडहँड ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान: एस४, डब्ल्यूआरएक्स, ३४०आय की टीएलएक्स?

सांगलीकर_कॅल्गरीत

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. आम्ही कॅल्गरीत नॉर्थवेस्टला राहतो. सध्या एक जुनी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक आहे, ती आता बायको वापरेल आणि मला माझ्यासाठी दुसरी गाडी बघायचीय. एसयूव्ही नकोय. सगळे मित्र एकच सांगतात की कॅनडात राहायचं तर उंच गाडी घे, पण आंबोली घाटात गाडी शिकलेला माणूस आहे मी, वळणावर गाडी डुलायला लागली की माझा जीव वर येतो. खाली बसून चालवायची, चार दारांची, मागे मुलीची कार सीट बसेल अशी आणि बर्फात चारही चाकं ओढतील अशी सेडान हवीय.

बजेट टायर, टॅक्स, पहिली सर्व्हिस सगळं धरून २८ हजार डॉलर, त्याच्या वर एक पैसा नाही. वापर म्हणजे रोजचं ऑफिस आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार कॅनमोर, बॅन्फ, लेक लुईस, कधी पुढे गोल्डनपर्यंत स्कीइंगला. पार्किंग उघड्यावर आहे पण बिल्डिंगच्या खांबावर प्लग आहे.

डोक्यात असलेल्या गाड्या: ऑडी एस४ (२०१३ ते १६ वाली), सुबारू डब्ल्यूआरएक्स, बीएमडब्ल्यू ३४०आय एक्सड्राइव्ह, अक्युरा टीएलएक्स एसएच-एडब्ल्यूडी. इन्फिनिटी जी३७एक्स पण स्वस्तात दिसतेय. यातली कुठली कडाक्याच्या थंडीत टिकेल आणि घेताना नेमकं काय बघू? अनुभवी लोकांनी मोकळेपणानं लिहा.

निळी_मांजर

दादा, गाडी ठरवायच्या आधी टायरचे पैसे बाजूला काढा. मी याच शहरात पहाटेच्या शिफ्टला जाते, रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक फिरायच्या आधी रस्त्यावर असते, आणि माझी गाडी साधी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह आहे. चांगले विंटर टायर असल्यामुळे ती मला कायम घेऊन गेली आणि घेऊन आली. ऑल-व्हील-ड्राइव्ह सिग्नलवरनं सुटताना मदत करते, चढावर मदत करते, पण ब्रेक दाबल्यावर चार चाकं काय आणि दोन चाकं काय, थांबवतो तो टायरच. हायवे १ वर बर्फ पडल्यावर खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघा, त्यात एडब्ल्यूडीचा म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्हचा बिल्ला लावलेल्या कितीतरी असतात, कारण सुटताना काहीच जाणवत नाही म्हणून माणूस वेग वाढवतो आणि मग पुढे काळा बर्फ येतो.

उन्हाळी टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. ऑल सीझन टायर त्यापेक्षा बरा पण उणे वीसला तोही दगडच. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल तरच घ्या. आणि गोल्डनला जाणार म्हणताय म्हणजे ब्रिटिश कोलंबियात शिरणार, तिथे डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल विंटर टायर सक्तीचे आहेत आणि खाच निदान साडेतीन मिलिमीटर खोल लागते. कायद्याला नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायरही चालतो, पण लहान मुलगी मागे बसणार असेल तर त्यावर विसंबू नका.

गॅरेजवाला_रेड_डियर

निळी मांजर ताईंना +१००. मी रेड डियरमध्ये गॅरेजमध्ये काम करतो, रोज याच गाड्या लिफ्टवर चढतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एडब्ल्यूडी म्हणजे सगळीकडे एकच चीज नव्हे. तुम्ही लिहिलेल्या पाच गाड्यांतही ती एकाच पद्धतीनं चालत नाही.

एस४ मध्ये मधोमध यांत्रिक डिफरन्शियल (ताकद वाटून देणारा गिअरचा संच) आहे, ताकद कायम चारही चाकांना जाते, साधारण ४० टक्के पुढे आणि ६० मागे, चाक घसरायची वाट बघत नाही. काही एस४ ना मागे स्पोर्ट डिफरन्शियल असतं, ते मागच्या डाव्या-उजव्या चाकात ताकद कमीजास्त करतं. तो ऑप्शन होता, सगळ्यांना नाही, तेव्हा चासी नंबरवरून काढून घ्या.

डब्ल्यूआरएक्स मॅन्युअलमध्ये मध्यभागी व्हिस्कस कपलिंगवालं (घट्ट द्रवानं ताकद जोडणारं) डिफरन्शियल, पुढे-मागे निम्मं निम्मं. साधं, दणकट, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. सीव्हीटीवाल्या (गिअरचे टप्पे नसलेली ऑटोमॅटिक) डब्ल्यूआरएक्सची सिस्टिम वेगळी, तिथे कॉम्प्युटर वाटणी करतो आणि नेहमीची वाटणी ४५-५५.

३४०आय आणि जी३७एक्स मुळात मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्या. ट्रान्स्फर केसमधला (पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या पेटीतला) क्लच आवळला की पुढच्या चाकांना ताकद मिळते. चालवायला मजा येते, बर्फात शेपूट जरा हलते आणि मग गाडी स्वतःच सावरते. टीएलएक्स बरोबर उलटी, मुळात पुढची चाकं ओढणारी, पण मागे दोन क्लच आहेत आणि ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे पाठवून ती वळणात बाहेरच्या चाकाला जास्त देते. बर्फाळ वळणावर ॲक्सिलरेटर दिला की गाडी आत वळते, बाहेर फेकली जात नाही. ज्यानं चालवलं नाही त्याला हे कागदावर वाचून पटणार नाही, एकदा चालवून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यातली कुठलीही घ्या, चारही टायर एका कंपनीचे, एका मॉडेलचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत. सुबारूचा तर नियमच आहे की चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. दोन नवे दोन जुने घातले की मधलं डिफरन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही अखंड घासत राहतो, तेल करपतं आणि मग ते बिल तुमच्या टायरच्या चौपट येतं. सेकंडहँड गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकून चारही टायर वाचा. आधीच्या मालकानं गाडी कशी ठेवली ते तिथेच कळतं.

चार_कड्या

एस४ वाला हजर आहे! मिसिसागात राहतो, माझी २०१४ ची आहे, सहा गिअरची मॅन्युअल. ३.० लिटर व्ही६ वर सुपरचार्जर, ३३३ हॉर्सपॉवर, टर्बोसारखा दम खाऊन मग धावणं नाही, पाय ठेवला की लगेच. ताज्या बर्फावर ४०१ हायवेच्या रॅम्पवर ही गाडी जशी रुळावर असल्यासारखी वर चढते तसं मी दुसऱ्या कुठल्या सेडानमध्ये अनुभवलं नाही. आतलं काम, सीट, शांतता, सगळंच वरच्या दर्जाचं. ही गाडी मी विकणार नाही.

पण सांगलीकर साहेब, ही पाळायची असेल तर खिसा तयार ठेवावा लागतो. बघताना काय बघाल: थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदललेत का, कारण ते जातातच आणि हाताला सहज लागतील अशा जागी नाहीत. पीसीव्ही (इंजिनातल्या वाफा परत ओढणारा व्हॉल्व्ह) सुपरचार्जरच्या खाली आहे म्हणजे सुपरचार्जर उतरवणं आलं, तेव्हा मालकानं सुपरचार्जर उतरवून सगळं एकदम करून घेतलं असेल आणि पावती असेल तर ती गाडी हजार-दोन हजार जास्त देऊनही घ्या. इंजेक्शन डायरेक्ट आहे, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, तो साफ केल्याची नोंद बघा. टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळ्या) इंजिनच्या मागच्या अंगाला आहेत, थंड इंजिन सुरू करताना सुरुवातीला खडखड आली तर तिथून निघा. ऑटोमॅटिक म्हणजे सात गिअरचा डबल क्लच, त्याचं तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या नसतील तर मेकॅट्रॉनिक युनिटची (गिअरबॉक्सच्या कंट्रोलची) रिस्क तुमच्या गळ्यात.

आणि एस४ महाग वाटली म्हणून कोणी २००९ ते ११ ची साधी ए४ २.० टर्बो सुचवली तर ऐकू नका, त्या इंजिनांची तेल पिण्याची तक्रार जगजाहीर आहे.

ओटावाताई

गंजाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आमच्याकडे ऑन्टारियोत नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठच मीठ. कॅल्गरीत मीठ तुलनेनं कमी, खडी जास्त, त्यामुळे तुमच्याकडे काचा फुटतात आणि आमच्याकडे पत्रा सडतो. पण अल्बर्टात विकायला आलेली प्रत्येक गाडी अल्बर्टातच वाढली असं नसतं! कारफॅक्स कॅनडाचा रिपोर्ट काढा, त्यात कुठल्या प्रांतात कधी नोंद झाली ते दिसतं, गाडीवर कर्ज बाकी आहे का तेही कळतं. ऑन्टारियो, क्यूबेक किंवा अटलांटिक किनाऱ्यावरनं आलेली असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा नको.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी बघायला मी सोबत गेले होते, वरून नुसती चकचकीत, नुकतं पॉलिश केलेलं. मागच्या चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर जरा बाजूला ओढलं तर आत ओल्या वाळूचा थर आणि त्याच्यामागे पत्र्याला फुगवटे आलेले, स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर पापुद्रा सुटून हातात आला. ब्रेकच्या धातूच्या नळ्या, मागची सबफ्रेम, दाराखालचा पट्टा आणि जॅक लावायची कड, या चार जागा टॉर्च मारून बघाच. नळीवर नुसता तांबूस रंग असेल तर चालेल, खवले निघत असतील तर नाही.

आणि घेतल्यावर दर हेमंतात गाडीला खालून तेलाचा फवारा मारून घ्या, क्राउन म्हणा रस्ट चेक म्हणा. टपकतं थोडे दिवस, म्हणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाका.

बॉक्सर_प्रेमी

एडमंटनहून डब्ल्यूआरएक्सची बाजू मांडतो. २०१५ ते २०२१ ची बघा, दोन लिटर टर्बो, २६८ घोडे, सहा गिअर मॅन्युअल, टायमिंग चेन आहे म्हणजे बेल्टचा खर्च नाही. या किमतीत बर्फावर एवढं प्रामाणिक बोलणारं स्टिअरिंग दुसरीकडे नाही. आतलं प्लास्टिक साधं आहे, हायवेवर आवाज करते, कबूल आहे, पण पार्ट कुठेही मिळतात आणि कुठलाही बरा मेकॅनिक हात लावतो. हिवाळ्यात जास्पर रोडवर अडकायची वेळ आली तर ही शेवटची गोष्ट फार मोलाची असते.

धोका एकच आणि तो मोठा आहे. या गाड्या पोरंसोरं घेतात आणि ट्यून करतात. मोठा इनटेक, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, कॉम्प्युटरमध्ये बदल, आणि विकताना मूळ पार्ट परत बसवतात. बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या खुणा दिसल्या, इंटरकूलरच्या पाइपाला नवे क्लॅम्प दिसले, तर सरळ प्रश्न विचारा. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ते) करून घ्या, पैसे लागतील ते लागू देत. क्लच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तपासा, आरपीएम वर गेला आणि वेग वाढला नाही तर क्लच संपलाय. एसटीआयच्या (डब्ल्यूआरएक्सच्या जास्त ताकदीच्या बहिणीच्या) मोहात पडू नका, तिचं २.५ लिटरचं जुनं इंजिन पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांमधल्या कडा) फुटण्यासाठी ओळखलं जातं आणि ट्यून केलेल्या एसटीआयमध्ये तर भरवसाच नाही.

विनिपेगचा_नागपूरकर

राम राम भाऊ. हे सगळं बरोबर आहे, पण उणे पस्तीसला गाडी सुरूच नाही झाली तर डिफरन्शियल कुठलं आहे त्याला काय करता? मी ४५ डिग्रीच्या गावातून इथे आलो, मशीनला थंडी अशी लागते हे इथेच पाहिलं.

पहिलं, ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) आहे का विचारा. ग्रिलमधून वायरीचं टोक बाहेर लोंबताना दिसलं म्हणजे आहे असं धरू नका, ते प्लग लावून कानानं ऐका, बारीक सूं किंवा उकळल्यासारखा आवाज येतो, नाहीतर साधं मीटर लावून तपासा. अल्बर्टात किंवा मॅनिटोबात विकलेल्या गाड्यांना बहुतेकदा असतो, व्हँकुव्हरकडून आलेलीला नसायची शक्यता जास्त. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी सुरू झाला की पुरे, वीजही वाचते.

दुसरं, बॅटरी. तिच्यावर सीसीए (थंडीत इंजिन फिरवायची ताकद) म्हणून आकडा लिहिलेला असतो, तो उणे १८ डिग्रीला मोजलेला असतो, म्हणजे उणे ३५ ला बॅटरी तेवढंही देणार नाही आणि घट्ट झालेलं इंजिन मात्र जास्त मागणार. जर्मन गाड्यांत बॅटरी बदलल्यावर ती कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, आधीच्या मालकानं नोंदवली का विचारा. इंजिन ऑइल शून्य डब्ल्यूवालंच म्हणजे थंडीत पातळ राहणारं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण कुणी उन्हाळ्यात नुसतं पाणी ओतून ठेवलं असेल तर इंजिनचा सत्यानाश. दहा डॉलरचं तपासायचं यंत्र मिळतं, ते लावा.

आणि बारीकसारीक: ओली गाडी हँडब्रेक ओढून बाहेर ठेवू नका, ब्रेक गोठून चिकटतात, गिअरमध्ये ठेवा. दारांच्या रबराला सिलिकॉन लावा. सकाळी पहिला किलोमीटर टायर चौकोनी असल्यागत धडधडतात, घाबरू नका, रात्री बसून चपटे झालेले असतात, गरम झाले की गोल होतात. मॅन्युअल घेतली तर रिमोट स्टार्टर लावणं कटकटीचं होतं, कारण गिअरमध्ये ठेवलेली गाडी दुरून सुरू करणं धोक्याचं. लेकराला कार सीटमध्ये बसवायचं असेल तर आधीच गरम झालेली गाडी ही चैन नाही, त्याचा विचार करा बाप्पा.

सांगलीकर_कॅल्गरीत

एवढं कोणी आपुलकीनं लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरकर भाऊ, रिमोट स्टार्टचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली ऑटोमॅटिकच घ्यायची, विषय संपला. म्हणजे डब्ल्यूआरएक्स मॅन्युअल बाद, आणि सीव्हीटीवाली घ्यायला मन होत नाही. ३४०आय बद्दल कोणी बोललं नाही?

हिमपक्षी

बोलतो की. सॅस्कटूनला ३४०आय एक्सड्राइव्ह आहे माझ्याकडे. २०१६ पासून जे बी५८ इंजिन आलं ते बीएमडब्ल्यूनं बनवलेल्या भरवशाच्या इंजिनांपैकी आहे असं मला मनापासून वाटतं, ३२० हॉर्सपॉवर आणि झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक, तो गिअरबॉक्स म्हणजे लोणी. त्याआधीची ३३५आय स्वस्त मिळेल, पण २००७ ते १० वाल्यांमध्ये हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टरची दुखणी आहेत. ३२८आय बघत असाल तर २०१५ पर्यंतच्या एन२० इंजिनच्या टायमिंग चेनच्या प्लास्टिक गाइडबद्दल आधी वाचा.

बघायचं काय, तर ऑइल फिल्टर हाउसिंगच्या आसपास तेलाची ओल, ट्रान्स्फर केसचं तेल बदललेलं आहे का, आणि हळू वेगात पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर पुढून झटके येतात का. खूप गाड्यांमध्ये स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात. बॅन्फच्या पुढे मोबाइलची रेंज जाते, तिथे टायर फाटला तर रनफ्लॅटवर थोडं अंतर काढता येतं, साध्या विंटर टायरवर नाही. म्हणून मी डिकीत बारीक स्टेपनी आणि जॅक ठेवतो, जागा जाते, जाऊ दे. आणि काही गाड्यांना मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, हिवाळ्यासाठी चारही एकाच मापाचे अरुंद टायर घ्या, बर्फात अरुंद टायर खाली जाऊन पकड घेतो.

तळ्याकाठी

इलेक्ट्रिक का नको? ड्युअल मोटर मॉडेल ३ बघा, सेकंडहँड आता आवाक्यात येतेय.

सांगलीकर_कॅल्गरीत

तळ्याकाठी, विचार केला होता. पण आमच्या बिल्डिंगचा प्लग फक्त ब्लॉक हीटरपुरता आहे, गाडी चार्ज करायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि थंडीत रेंज कमी होते तेव्हा गोल्डनच्या वाटेवर चार्जिंगची चिंता मुलीला घेऊन नको.

गॅरेजवाला_रेड_डियर

बरोबर ठरवलंत. आता गाडी बघायला जायच्या आधीच्या गोष्टी.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार असलं पाहिजे. गरम इंजिन चेनचा आवाज लपवतं, कमजोर बॅटरी लपवतं, सुरू होतानाचा निळा धूर लपवतं. मग मोकळ्या कोरड्या जागेत पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू हळू इंग्रजी आठचा आकडा काढा, दोन्ही बाजूंनी. गाडी अडखळत, दबकत फिरली तर एडब्ल्यूडीत काहीतरी आवळलेलं आहे. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून नुसते कोड बघू नका, रेडिनेस मॉनिटर म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते बघा. सगळे अपूर्ण असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत. टायरवर डॉट नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, खाच भरपूर दिसली तरी जुनं रबर बर्फात निकामी.

कॅल्गरीची गाडी असेल तर गारांचं विचारा. १३ जून २०२० ला नॉर्थईस्टला आणि ५ ऑगस्ट २०२४ ला शहरात ज्या गारा पडल्या त्यात हजारो गाड्या ठोकल्या गेल्या, इन्शुरन्सनं निकाली काढलेल्या कितीतरी परत दुरुस्त होऊन बाजारात आल्या. छताकडे तिरप्या उजेडात बघा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नको. नुसते खळगे असतील आणि भाव तसा कमी असेल तर हिवाळ्याला काही फरक पडत नाही, पण नोंदीत गाडी रिबिल्ट, म्हणजे निकाली काढून परत दुरुस्त केलेली, असेल तर इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा.

डीलरकडून घेतलीत तर ५ टक्के जीएसटी, आणि डीलरकडे एमव्हिकचं (अल्बर्टातल्या गाडीविक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं) लायसन्स आहे ना ते बघा. खाजगी मालकाकडून घेतलीत तर अल्बर्टात टॅक्स नाही, ते पैसे तपासणीला घाला. तपासणी तिऱ्हाईत गॅरेजमध्ये, विकणारा सुचवेल तिथे नाही.

सांगलीकर_कॅल्गरीत

अपडेट देतो. या शनिवारी दोन गाड्या बघून आलो.

पहिली एस४, एका डीलरकडे. चांदीचा रंग, आत काळं लेदर, बसलो आणि खरंच उठू वाटेना. पण तिघांनी सांगितलेल्या गोष्टी तिथे एकेक करून समोर आल्या. फोनवर सांगूनही इंजिन गरम करून ठेवलं होतं. खाली वाकलो तर पुढचे दोन टायर वेगळ्या कंपनीचे आणि जवळजवळ नवे, मागचे दोन दुसरेच आणि मधल्या पट्टीपर्यंत झिजलेले. बॉनेट उघडल्यावर गोडसर वास आला आणि कूलंटच्या टाकीच्या झाकणाभोवती गुलाबी पापुद्रा सुकलेला. पावत्या मागितल्या तर सेल्समन म्हणाला आधीच्या मालकाकडे असतील. गाडी पळते सुंदर, खोटं कशाला बोलू, डियरफूट हायवेवर पाय ठेवला तेव्हा हसू आवरेना.

दुसरी २०१७ ची टीएलएक्स व्ही६ एसएच-एडब्ल्यूडी, खाजगी मालक, रिटायर्ड गृहस्थ, कोक्रेनला राहतात. १ लाख १२ हजार किलोमीटर. गाडी गार होती, त्यांनी माझ्या समोरच पहिल्यांदा सुरू केली. ब्लॉक हीटर आहे, प्लग लावून दाखवला आणि आम्ही दोघं वाकून ऐकलं. जाड फाइल काढली, प्रत्येक ऑइल चेंजची पावती तारखेनं लावलेली. हिवाळी टायरचा वेगळा सेट रिमसकट गाडीबरोबर देतायत. इंजिन गोड आहे, २९० घोडे, वर गेलं की छान गातं. गिअरबॉक्स ९ गिअरचा, हळू वेगात क्वचित विचार करत बसतो असं वाटलं. चालवायला एस४ इतकी धारदार नाही पण वळणावर मागून ढकलते ते जाणवलं, गॅरेजवाले साहेब म्हणाले होते तस्संच.

मत सांगा.

चार_कड्या

एस४ माझी जीव की प्राण आहे आणि तरी सांगतो, ती एस४ सोडा. कूलंट गळतंय, टायर विजोड, पावत्या नाहीत. ही गाडी घेतलीत तर पहिल्या हिवाळ्यात टो ट्रकवाल्याशी ओळख होईल. पावत्यांची फाइल असलेली एस४ पुढेमागे दिसली तर मी स्वतः तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

ओटावाताई

कोक्रेनची! लिफ्टवर चढवून बघाच पण मला आशा वाटते. अशी फाइल ठेवणारा माणूस गाडी धुतही असणार.

गॅरेजवाला_रेड_डियर

टीएलएक्स. फक्त तीन गोष्टी.

एक, त्या व्ही६ ला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. लोक सांगतील १ लाख ६० हजार किलोमीटरला बदलायचा, पण कंपनीचंच म्हणणं आहे की उणे २९ च्या खाली नेहमी चालत असेल तर १ लाखालाच बदला. कोक्रेनची गाडी, १ लाख १२ हजार झालेत, म्हणजे बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र करायची वेळ झाली असं धरून चाला. फाइलमध्ये पावती असेल तर उत्तम, नसेल तर तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा, भला माणूस दिसतोय, ऐकेल.

दोन, मागच्या डिफरन्शियलचं तेल. तिथल्या क्लचला कंपनीचंच तेल लागतं, दुसरं घातलं की वळताना गुरगुरतं. कधी बदललं आणि कुठलं घातलं ते फाइलमध्ये शोधा.

तीन, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट डीलरकडे करून घेतलंय का. हळू वेगातला तो विचार करणं त्यानं बरंच कमी होतं, आणि तेल ताजं असेल तर आणखी. थंडीत पहिली पाच मिनिटं कुठलाही ऑटोमॅटिक जड चालतो, त्यावरून खराब ठरवू नका.

विनिपेगचा_नागपूरकर

अन् भाऊ, रिमसकट मिळणाऱ्या टायरची तारीख वाच आधी. जुने निघाले तर रिम ठेव अन् टायर नवे घाल, रिमचे पैसे वाचले तेवढेच.

सांगलीकर_कॅल्गरीत

बेल्टची पावती फाइलमध्ये नाही, मालकांशी फोनवर बोललो, त्यांनी लगेच १४०० कमी केले. डिफरन्शियलचं तेल ९० हजारला बदललंय, कंपनीचंच. टायरवर ३८२१ आहे आणि खाच साडेसहा मिलिमीटर, मालकांनी स्वतः मोजून फोटो पाठवला. तपासणी बुधवारी, लिफ्टवर मी स्वतः खाली उभा राहणार आहे टॉर्च घेऊन. इन्शुरन्सचा कोट एस४ पेक्षा बराच कमी आला, हे आधी डोक्यातच नव्हतं.

एक शेवटचं विचारतो, ३८२१ चे टायर अजून किती हिवाळे काढतील?

निळी_मांजर

रबर अजून मऊ असेल, नख रोवून बघा, तर या हिवाळ्याला चालवा आणि पुढच्या ऑक्टोबरला परत खाच मोजा. चारच्या जवळ आली की बदलायचे, कायद्याच्या साडेतीनपर्यंत ताणायचं नाही. आणि पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एकटेच जा, तीसच्या वेगात ब्रेक पूर्ण दाबून एबीएस पायाखाली कसा थरथरतो ते बघा, गाडी किती लांब जाऊन थांबते ते बघा. मग वहिनींनाही चालवायला द्या, कधीतरी हीच गाडी त्यांच्या हातात असणार आहे.